हम दिसतो, गळती दिसत नाही: पोटेन्शिओस्टॅट आणि पीएच मीटरच्या केबलविषयी

साताऱ्यातल्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातल्या मॅडमनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पोटेन्शिओस्टॅटची, म्हणजे द्रावणातल्या इलेक्ट्रोडवर ठरावीक व्होल्टेज ठेवून प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाची, मूळ केबल उंदरांनी कुरतडली. नवी मागवायला निधी नाही, म्हणून दोन मीटर लॅन केबल घेऊन तिच्या टोकांना क्रोकोडाइल क्लिपा लावल्या. तेव्हापासून फेरीसायनाइडच्या द्रावणाच्या सायक्लिक व्होल्टामोग्रामवर (व्होल्टेज पुढेमागे फिरवून काढलेल्या प्रवाहाच्या आलेखावर) करवतीच्या दात्यांसारखी नक्षी येते आणि हात जवळ नेला की ती वाढते. दुसरं म्हणजे, पीएच मीटरचा इलेक्ट्रोड वॉटर बाथपर्यंत पोचावा म्हणून मध्ये चार मीटर टीव्हीची केबल जोडली. आता ७ चा बफर (पीएच ठाऊक असलेलं द्रावण) बरोबर दिसतो, पण ४ चा ४.६ आणि ९.२ चा ८.८ दिसतो. केबलची शील्ड, म्हणजे मधल्या तारेभोवतीची धातूची जाळी, दोन्ही टोकांना अर्थ करायची (जमिनीला जोडायची) की एकाच? आणि सगळं पत्र्याच्या डब्यात ठेवलं तर भागेल का?

मॅडम, तुमच्या दोन्ही तक्रारी केबलच्याच आहेत, पण एका जातीच्या नाहीत. पोटेन्शिओस्टॅटमध्ये बाहेरच्या वायरिंगची वीज आत शिरते आहे, हिलाच हम म्हणतात. पीएच मीटरमध्ये आतला सिग्नल बाहेर गळतो आहे. पहिली तक्रार पडद्यावर ठळक दिसते, म्हणून तुम्ही ती आधी लिहिलीत. दुसरी गुपचूप चुकीचा आकडा देत राहते आणि तो आकडा कुणाच्या तरी प्रबंधात जाऊन बसतो. मी सांगली-मिरज परिसरात कॉलेजांची, साखर कारखान्यांची आणि सांडपाणी प्रकल्पांची उपकरणं दुरुस्त करत आलो आहे, आणि नुकसान नेहमी या दुसऱ्या प्रकारानं जास्त झालेलं पाहिलं आहे. म्हणून आधी पीएच.

पीएच इलेक्ट्रोडच्या काचेच्या गोळ्याचा रोध खोलीच्या तापमानाला साधारण ५० ते ५०० मेगओम असतो. इतक्या मोठ्या रोधामागून येणारा सिग्नल म्हणजे बारीक झिरपणारा झरा. वाटेत केसाएवढी भेग असली तरी पाणी मुक्कामाला पोचत नाही. केबलची मधली तार आणि जाळी यांच्यामध्ये जे इन्सुलेशन आहे, त्यातून थोडीही गळती झाली की काचेचा रोध आणि गळतीचा रोध मिळून व्होल्टेज वाटून घेतात. मीटरला मिळतो तो उरलेला वाटा.

तुमचेच आकडे घ्या. ७ पासून ४ पर्यंत अंतर ३, मीटर दाखवतो २.४. म्हणजे ८० टक्के. ७ पासून ९.२ पर्यंत अंतर २.२, त्याचे ८० टक्के म्हणजे १.७६, म्हणजे मीटरवर ८.७६ दिसायला हवं. तुम्हाला ८.८ दिसतं. दोन्ही बाजूंनी सारख्याच प्रमाणात आकडा सातकडे ओढला जातो आहे. काचेचा रोध २०० मेगओम धरला, तर ही गळती ८०० मेगओमची निघते. सातला चूक दिसत नाही याचं कारण सोपं आहे: सात पीएचला इलेक्ट्रोड जवळपास शून्य व्होल्ट देतो आणि शून्यातून काय गळणार? गळती पुरती वाढून मधली तार जाळीला टेकली, तर मीटर लिंबाच्या रसातही सातच दाखवेल. कधी असा मीटर भेटला तर इलेक्ट्रोड फेकण्याआधी कनेक्टर उघडून बघा.

म्हातारा इलेक्ट्रोडही स्लोप, म्हणजे एका पीएचमागे मिळणारे मिलिव्होल्ट, गमावतो, हे खरं. पण तुमची तक्रार केबल लांबवल्या दिवसापासूनची आहे. खात्रीसाठी जोडकेबल काढा, इलेक्ट्रोड थेट मीटरला लावा आणि ४ चा बफर पुन्हा बघा. ४.० आला तर इलेक्ट्रोड निर्दोष आहे.

इथे बहुतेक जण मल्टिमीटर काढतात, मधली तार आणि जाळी यांच्यामध्ये ओम मोजतात, पडद्यावर ‘ओएल’ (मोजण्याच्या पलीकडे) दिसलं की केबल चांगली असा निकाल देतात. साधा मल्टिमीटर काही दहा मेगओमपर्यंतच पाहू शकतो. ८०० मेगओमची गळती त्याच्या लेखी नसतेच. त्याच कारणानं मल्टिमीटरनं पीएच इलेक्ट्रोडचे मिलिव्होल्ट मोजायलाही जाऊ नका. त्याचा स्वतःचा इनपुट १० मेगओमचा असतो, तो सगळा सिग्नल एका घोटात पिऊन टाकतो. पीएच मीटरचा इनपुट १० लाख मेगओमच्या घरातला असतो, तो उगाच नाही.

मग गळती मोजायची कशी? मी वापरतो ती पद्धत कॉलेजात सहज जमेल. एक पेन्सिल सेल घ्या, त्यावर १० किलोओम आणि १.२ किलोओम असे दोन रोध एकामागे एक जोडा. लहान रोधाच्या दोन टोकांवर १६० ते १७० मिलिव्होल्ट मिळतात. हे व्होल्टेज आधी मीटरला थेट द्या आणि मिलिव्होल्टमध्ये वाचा. मग मधल्या तारेच्या वाटेवर १०० मेगओमचे दहा रोध एका ओळीत, म्हणजे १००० मेगओम, घालून तेच व्होल्टेज जोडकेबलमधून मीटरला द्या. आकडा दहा टक्क्यांनी उतरला तर केबलची गळती ९००० मेगओमच्या आसपास आहे, एक टक्क्याने उतरला तर एक लाख मेगओमच्या आसपास. मला एक टक्क्याच्या आतला फरक चालतो. रोधांच्या अंगाला बोट लावू नका, बोटाचा घामही गळतीच असतो. ही चाचणी करताना सगळं पत्र्याच्या डब्यात ठेवा, नाहीतर आकडा नाचेल.

तुमच्या केबलमध्ये दोष कुठे असेल, हे न पाहताही बऱ्यापैकी सांगता येतं. टीव्हीच्या केबलचं पॉलिथिलिन तसं चांगलं असतं. दोष असतो जोडात. त्या केबलची जाळी बहुधा ॲल्युमिनिअमची, तिला सोल्डर धरत नाही. म्हणून लोक जाळी पिळतात, मधली तार सोल्डर करतात, आणि वरून काळी इन्सुलेशन टेप गुंडाळतात. टेपच्या डिंकाला धूळ आणि ओल धरते. खाली सोल्डरचा फ्लक्स तसाच राहिलेला असतो, तोही ओल शोषतो. घरगुती २३० व्होल्टच्या वायरिंगला असा जोड बिनबोभाट चालतो. २०० मेगओमच्या सिग्नलला तो भोक पडलेल्या बादलीसारखा आहे.

म्हणून जोड नकोच. इलेक्ट्रोडपासून मीटरपर्यंत अखंड केबल लागेल असा इलेक्ट्रोड घ्या, किंवा दोन्ही टोकांना बीएनसी (फिरवून अडकवायचा कनेक्टर) असलेली तयार जोडकेबल घ्या. त्याहून चांगलं म्हणजे मीटरच वॉटर बाथजवळ न्या. हे सांगताना मला कुठलाही संकोच वाटत नाही. उच्च रोधाच्या सिग्नलला सर्वांत उत्तम केबल म्हणजे आखूड केबल. शिवाय आरजी-५८ जातीच्या कोॲक्स केबलला (मध्ये तार, भोवती जाळी) एक मीटर लांबीमागे सुमारे १०० पिकोफॅरड कॅपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, असतो. ५०० मेगओमच्या काचेमागे दहा मीटर केबल लावली की नुसता टाइम कॉन्स्टंट अर्ध्या सेकंदाचा होतो आणि आकडा पूर्ण बसायला अडीच-तीन सेकंद जातात. बफरमध्ये ते खपतं, टायट्रेशनमध्ये खपत नाही.

स्वतः बीएनसी लावणार असाल, तर पुढची काही वाक्यं शांतपणे वाचा. चांगल्या पीएच केबलमध्ये पांढऱ्या इन्सुलेशनवर, जाळीच्या खाली, एक काळा पातळ थर असतो. हा थर वीज वाहून नेतो, आणि केबल हलल्यावर घर्षणानं जो विद्युतभार तयार होतो तो पसरवून टाकण्यासाठी मुद्दाम दिलेला असतो. जोडणी करताना हा काळा थर टोकापासून निदान पाच-सहा मिलिमीटर मागेपर्यंत पूर्ण खरवडून काढावा लागतो. तो मधल्या तारेला टेकला की जाळी आणि तार यांच्यात पूलच तयार होतो. नवा कनेक्टर लावल्यावर इलेक्ट्रोड बिघडला, अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हा थर बघतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ती जागा धुवा, पूर्ण वाळू द्या, आणि त्यानंतर उघड्या इन्सुलेशनला बोट लावू नका. हँड सॅनिटायझर वापरू नका. त्यात ग्लिसरीन असतं, ते वाळत नाही आणि ओल धरून बसतं.

एका साखर कारखान्याच्या सांडपाणी प्रकल्पात हाच प्रकार झाला होता. इव्हॅपोरेटर (रस आटवायची भांडी) कॉस्टिक सोड्यानं उकळून धुतले की त्या दिवशी येणारं पाणी चांगलंच अल्कधर्मी असतं. पीएच कागदावर ११ दिसत होते आणि मीटरवर १०.२. ऑपरेटर मुलगा कागदावर विश्वास ठेवत होता, वरिष्ठ मीटरवर. मीटर रोज सकाळी कॅलिब्रेट होत होता, पण फक्त सातच्या बफरवर. सातला चूक दिसत नाही, म्हणून वहीत सगळं आलबेल. साखर कारखान्यानं बाहेर सोडायच्या पाण्याला ५.५ ते ८.५ ची मर्यादा आहे आणि ते पाणी शेवटी ओढ्यानं कृष्णेतच जातं. जंक्शन बॉक्स उघडला तर आत तपकिरी बॅकेलाइटच्या पट्टीवर पीएचची तार बांधलेली, आणि पट्टीवर पाण्याचे थेंब. बॅकेलाइट ओल पितं. पट्टी काढून अखंड केबल टाकली आणि दुसऱ्या दिवशी कागद आणि मीटर एकमेकांशी जुळले. तो ऑपरेटर बरोबर होता, हे मी तिथल्या सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हापासून माझा आग्रह आहे की कॅलिब्रेशन कमीत कमी दोन बफरवर व्हावं आणि स्लोप रोज वहीत लिहावा. पंचवीस अंशाला पूर्ण स्लोप म्हणजे एका पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट.

तुमच्या मनात येईल की दोन बफरवर कॅलिब्रेट केलं तर ८० टक्के स्लोप मीटर स्वतःच भरून काढेल, मग केबल का बदलायची? कारण तुमचं काम वॉटर बाथमध्ये आहे. तापमान वाढलं की काचेचा रोध झपाट्यानं उतरतो, सात-आठ अंशांमागे जवळपास निम्मा होतो. साठ-पासष्ट अंशांना २०० मेगओमचे पाच-सात मेगओम उरतात, आणि ८०० मेगओमची गळती त्यापुढे नगण्य ठरते. तुम्ही थंड बफरवर ८० टक्के स्लोप शिकवलेला मीटर गरम नमुन्यात पूर्ण सिग्नल मिळाल्यावर उलट जास्तीचं दाखवेल: खरा ९ असताना ९.५ च्या जवळ. तापमान भरपाईची सोय यात मदत करत नाही, तिला गळतीची कल्पनाच नसते.

आता तुमच्या शील्डच्या प्रश्नाचं पीएचपुरतं उत्तर. कॉम्बिनेशन इलेक्ट्रोडमध्ये काचेचा गोळा आणि तुलनेसाठी स्थिर व्होल्टेज देणारा रेफरन्स इलेक्ट्रोड एकाच दांड्यात असतात; त्याच्या साध्या कोॲक्स केबलमध्ये जाळी ही केवळ शील्ड नसते, ती रेफरन्स इलेक्ट्रोडची तार असते. म्हणून ती कुठल्याच टोकाला अर्थ करायची नाही. वॉटर बाथच्या धातूच्या अंगाला, नळाला, स्टँडला ती उघडी टेकली की रेफरन्समधून प्रवाह वाहायला लागतो आणि आकडा सरकत राहतो. तुमच्या टेपच्या जोडातून जाळीची एखादी तार बाहेर डोकावते का, तेही बघा. ज्या केबलला दोन जाळ्या असतात, म्हणजे ट्रायॲक्स, तिची फक्त बाहेरची जाळी अर्थला जाते.

इथे आपल्या मुलखाची एक गोष्ट सांगावीशी वाटते. सातारा जिल्ह्याचा पश्चिम भाग, महाबळेश्वर, जावळी, पाटण, तिथे पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल्या असतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या बाजूच्या उपकरणांच्या तक्रारी बहुतेक गळतीच्या, आणि जुलै-ऑगस्टमधल्या. माण-खटाव, आटपाडी, जत या कोरड्या भागात तक्रारी उलट: उन्हाळ्यात केबलला धक्का लागला की आकडा उडी मारतो, पंखा लावला की नाचतो. तो घर्षणाचा विद्युतभार. तिथे केबल टेबलाला चिकटपट्टीनं पक्की करा, अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात. तुमच्या प्रयोगशाळेत पावसाळ्यात कनेक्टरांना सिलिका जेलची पुडी असलेल्या बंद डब्यात ठेवण्याची सवय लावा.

पोटेन्शिओस्टॅटकडे येऊ.

तिथे तीन इलेक्ट्रोड आहेत: वर्किंग, ज्यावर अभिक्रिया होते; रेफरन्स, ज्याच्याशी तिचं व्होल्टेज ताडतात; आणि काउंटर, जो प्रवाहाचा मार्ग पूर्ण करतो. तिघांच्या तारांचा स्वभाव वेगळा. लॅन केबलची खरी चूक ही की तिनं तिघांना सारखं वागवलं. शिवाय साध्या लॅन केबलला शील्ड नसतेच, पिळलेल्या जोड्या असतात.

रेफरन्सची तार सगळ्यात नाजूक. पोटेन्शिओस्टॅट तिच्यातून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, फक्त तिचं व्होल्टेज बघतो आणि ते हवं तिथे राहावं म्हणून काउंटरला ढकलतो. म्हणजे रेफरन्सच्या तारेवर हम आला की उपकरण तो खरा समजून त्याला उत्तर द्यायला जातं, आणि तुमच्या आलेखावर दाते उमटतात. किती कमी हम पुरतो ते पाहा: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या तारेपासून फक्त एक पिकोफॅरडचा संबंध असला तरी ७२ नॅनोअँपिअर प्रवाह येतो. एका पिकोफॅरडच्या शंभराव्या भागातूनही ०.७ नॅनोअँपिअर. आपलं शरीर खोलीतल्या वायरिंगमुळे काही व्होल्टवर हलतच असतं, म्हणून हात जवळ नेला की दाते वाढतात. रेफरन्सला कोॲक्स हवीच.

वर्किंगच्या तारेतून मोजायचा प्रवाहच येतो. ही तार उपकरणात बहुधा जवळपास शून्य व्होल्टवर धरलेली असते, म्हणून मधली तार आणि जाळी यांच्यातली गळती इथे फारशी छळत नाही. पण बाहेरून आलेला प्रत्येक नॅनोअँपिअर सरळ तुमच्या मोजमापात मिसळतो. मायक्रोअँपिअरच्या कामात तो खपेल, मायक्रोइलेक्ट्रोडच्या कामात नाही. हिलाही कोॲक्स.

काउंटरच्या तारेला बाहेरून काही होत नाही. उलट तीच धटिंगण आहे: तिच्यावर कित्येक व्होल्ट वरखाली होतात आणि ती शेजारच्या तारेत आवाज सोडते. लॅन केबलमधल्या एकाच जोडीत काउंटर आणि रेफरन्स घातले असतील, तर दोघांमध्ये मीटरमागे पन्नासेक पिकोफॅरडचा थेट संबंध तयार झाला. असं केलं की उपकरण स्वतःशीच बोलायला लागतं, म्हणजे ऑसिलेट होतं. तुमच्या आलेखावरची नक्षी ५० हर्ट्झची आहे की ऑसिलेशनची, हे आधी ठरवा. दोन दात्यांमधला वेळ २० मिलिसेकंद किंवा १० मिलिसेकंद असेल तर ती वीजमंडळाच्या विजेची देणगी. मात्र उपकरण दर २० मिलिसेकंदांहून सावकाश नमुने घेत असेल तर हम फसव्या, संथ लाटेसारखाही दिसतो, म्हणून ही तपासणी करताना नमुन्यांचा वेग वाढवा. दाते याहून खूप वेगवान असतील, किंवा प्रवाह मर्यादेला जाऊन आपटत असेल, तर ऑसिलेशन.

तर तीन वेगळ्या कोॲक्स घ्या. आरजी-१७४ बारीक आणि लवचीक असते, सेलजवळ, म्हणजे इलेक्ट्रोड बुडवलेल्या भांड्याजवळ, हाताळायला बरी. लांबी एक मीटरच्या आत. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत कनेक्टरांसकट मिळेल. उपकरणाच्या मॅन्युअलमधली पिनांची आकृती समोर ठेवा. रंगांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. काही उपकरणांत वर्किंगसाठी दोन तारा असतात, एक प्रवाहाची आणि एक नुसती व्होल्टेज बघणारी. ती दुसरी मोकळी सोडली की सगळंच वेड्यासारखं वागतं. दोन्ही थेट इलेक्ट्रोडच्या क्लिपवर एकत्र आणा, मध्ये कुठे नाही.

जाळी उपकरणाच्या बाजूला, मॅन्युअल सांगतं त्या पिनला जोडा, आणि सेलच्या बाजूला कापून वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. एकाच टोकाला, हे तुमच्या प्रश्नाचं इथलं उत्तर. दोन्ही टोकं जमिनीला बांधली की जाळी आणि अर्थ यांचा एक मोठा वेटोळा तयार होतो, आणि खोलीतलं चुंबकीय क्षेत्र त्यात प्रवाह फिरवतं. मात्र एक सावधगिरी. काही उपकरणांत रेफरन्सच्या जाळीवर उपकरण स्वतः रेफरन्सइतकंच व्होल्टेज ठेवतं, म्हणजे मधली तार आणि जाळी यांच्यात फरकच राहत नाही आणि गळती व कॅपॅसिटन्स दोन्ही निष्प्रभ होतात. फार सुंदर युक्ती आहे ही. अशी जाळी चुकून अर्थला जोडलीत तर उपकरणावर ताण येतो. मॅन्युअलमध्ये त्या पिनला ‘गार्ड’ किंवा ‘ड्रिव्हन शील्ड’ म्हटलं असेल, तर तिला कशालाही जोडू नका, फक्त जाळीला.

क्रोकोडाइल क्लिपा फेरीसायनाइडच्या वाफेनं नाही, पण सांडलेल्या क्षारानं आणि आम्लानं गंजतात. दातांवर हिरवट थर दिसला की क्लिप फेकून द्या. तिला वाचवण्यात अर्थ नाही. सोन्याचा मुलामा असलेल्या बारीक क्लिपा मिळतात, त्या टिकतात.

केबल चांगली केली आणि तरी दाते आहेत, तर रेफरन्स इलेक्ट्रोडकडे बघा. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या खालचा सच्छिद्र तुकडा बंद झाला, किंवा आत हवेचा बुडबुडा अडकला, की त्याचा रोध काही किलोओमवरून मेगओमकडे जातो. मग एक मीटर केबलचे १०० पिकोफॅरडही फार होतात: एक मेगओमला त्यांचा टाइम कॉन्स्टंट १०० मायक्रोसेकंद, आणि उपकरणाला उशिरा कळलेल्या बातमीवर निर्णय घ्यावा लागतो. इलेक्ट्रोड उभा धरून टिचकी मारा, बुडबुडा वर जाऊ द्या. तो पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवत जा, कोरडा कधीच नको. तात्पुरता उपाय म्हणून द्रावणात एक प्लॅटिनमची तार सोडून ती ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून रेफरन्सच्या तारेला जोडता येते. संथ व्होल्टेज रेफरन्सकडून येतं, वेगवान बदल प्लॅटिनमकडून. अडलेल्या वेळी मी हे अनेकदा केलं आहे.

पत्र्याच्या डब्याबद्दल. हो, भागतं, आणि छान भागतं. फॅरडेनं १८३६ साली दाखवलेलीच गोष्ट आहे. बिस्किटाचा मोठा डबा, धान्याचा जुना पत्र्याचा डबा, किंवा लाकडी चौकटीवर ताणलेली ॲल्युमिनिअमची डासांची जाळी, काहीही चालेल. पण डबा नुसता ठेवून उपयोग नाही, तो एका तारेनं उपकरणाच्या ग्राउंड टर्मिनलला जोडायला हवा. जोडतो तिथला रंग खरवडा. झाकणालाही वेगळी तार द्या, बिजागरीवर विसंबू नका. आणि मॅग्नेटिक स्टरर डब्याच्या आत ठेवून डब्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नका. ॲल्युमिनिअमची जाळी विद्युत क्षेत्र अडवते, ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र ती अडवत नाही. त्यावर इलाज दोनच: मोटार आणि ट्रान्सफॉर्मर लांब ठेवणं, आणि तारा एकमेकींना लगटून नेणं म्हणजे त्यांच्यामधलं वेटोळं लहान राहतं. व्होल्टामोग्राम घेताना स्टरर तसाही बंदच असायला हवा.

दोष शोधताना आधी लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. दोन पिनांच्या चार्जरमुळे लॅपटॉपचं अंग हाताला मुंग्या आणतं, तेच व्होल्टेज यूएसबीच्या तारेनं पोटेन्शिओस्टॅटपर्यंत पोचतं. नुसतं एवढं केल्यावर नक्षी गेली, असं मी कितीतरी कॉलेजांत पाहिलं आहे. मग सेल काढून त्या जागी एक रोध लावा: रेफरन्स आणि काउंटर एका टोकाला एकत्र, वर्किंग दुसऱ्या टोकाला. एक किलोओमवर एक व्होल्ट दिला तर एक मिलिअँपिअर यायला हवा आणि व्होल्टामोग्राम सरळ रेष यायला हवी. मग एक मेगओम लावून बघा. इथे रेष स्वच्छ आणि सेलमध्ये दाते, तर केबल सोडा आणि सेलकडे वळा. सगळं जुळल्यावर फेरीसायनाइडच्या दोन शिखरांमधलं अंतर बघा. आदर्श ५९ मिलिव्होल्टच्या जवळ, हातात ६५ ते ८० येतं. त्याहून फार जास्त असेल तर इलेक्ट्रोडचं पॉलिश किंवा रेफरन्सचं अंतर तपासा.

अर्थिंगबद्दल एकच गोष्ट, पण ती पूर्ण गांभीर्यानं. हम घालवण्यासाठी थ्री-पिनची अर्थ पिन काढून टाकण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. तो ऐकू नका. ओल्या हातांनी काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत ती पिन म्हणजे त्यांच्या जिवाची राखण आहे. त्याऐवजी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटमधलं न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर इमारतीच्या वायरिंगमध्ये काहीतरी आहे, आणि बहुतेकदा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडलेला असतो. त्यात पाणी घालायचं कुणाच्या लक्षात नसतं. पोटेन्शिओस्टॅट, लॅपटॉप आणि वॉटर बाथ एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा, म्हणजे तिघांचं अर्थ एकच राहील.

विद्यार्थी सुपरकॅपॅसिटर किंवा बॅटरीचा इम्पीडन्स, म्हणजे उलटसुलट प्रवाहाला होणारा रोध, मोजत असतील तर गणित उलटं होतं. तिथे रोध मिलिओमचा, म्हणून कॅपॅसिटन्सऐवजी तारांचा इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा गुण, छळतो. एक मीटर तारेचा इंडक्टन्स सुमारे एक मायक्रोहेन्री, आणि १० किलोहर्ट्झला तो एकटाच ६३ मिलिओम दाखवतो. प्रवाहाच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळा, व्होल्टेजच्या दोन तारा वेगळ्या पिळा, आणि या दोन जोड्या एकमेकींपासून दूर ठेवा. कारखान्यातून कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: टाकीजवळच ट्रान्समीटर बसवा आणि तिथून ४-२० मिलिअँपिअरचा प्रवाहरूपी सिग्नल नेत जा, शंभर मीटर पीएचची केबल ओढू नका. ड्राइव्हच्या (मोटारीचा वेग बदलणाऱ्या उपकरणाच्या) मोटार केबलची शील्ड मात्र दोन्ही टोकांना बांधायची असते. तिचं काम मोठ्या फ्रिक्वेन्सीचा आवाज आतच ठेवण्याचं आहे, तिथे एका टोकाचा नियम लागू नाही.

आणि उंदीर. नवी केबल झाली की काम संपल्यावर ती रोज काढून, गुंडाळून, त्याच पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवा. वेटोळं तळहाताहून लहान नको, आरजी-१७४ ची मधली तार तीव्र वळणावर तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. डब्याच्या झाकणावर केबल केल्याची तारीख आणि १००० मेगओमच्या चाचणीत आलेला आकडा लिहा. दर पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी तीच चाचणी पुन्हा करा, आणि नवा आकडा जुन्याच्या खाली लिहीत जा.